पूल कोणी पाडला हे विचाराल, पण तो बंद कोणी करायचा होता?

कुठेही पूल पडला की पुढचे आठ दिवस काय होणार ते आता पाठ झालंय. पहिल्या दिवशी व्हिडिओ, दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचं नाव, तिसऱ्या दिवशी दोन तट. एका तटाचं म्हणणं सिमेंट खाल्लं, पैसे खाल्ले, सगळ्यांना आत टाका. दुसऱ्याचं म्हणणं पाणीच इतकं आलं, पूलच इतका जुना होता, वाराच तसा होता, माणूस काय करणार. मग कोणीतरी येऊन म्हणतं की पूर्वीचे लोक बघा कसं पक्कं बांधायचे, आणि चर्चा तिथून भलतीकडेच जाते. या सगळ्यांशी मला भांडायचंय, कारण सगळेच न बोलता एक गोष्ट धरून चालतात, ती म्हणजे पूल अचानक पडतो. मोठ्या अपघातांचे चौकशी अहवाल वाचत गेलं तर वेगळंच दिसतं. पूल पडायच्या आधी वाकतो, चिरतो, वाजतो, हलतो, आणि ते कोणाला तरी दिसलेलं असतं, बहुतेक वेळा त्याने ते कोणाला तरी सांगितलेलंही असतं. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला धोका दिसतो त्याच्या हातात पूल बंद करायचा अधिकार नसतो आणि ज्याच्या हातात अधिकार असतो तो तिथे नसतो, हे पूल पडण्याचं गंजाइतकंच खरं कारण आहे, फक्त गंजाचा फोटो काढता येतो आणि याचा येत नाही म्हणून आपण यावर बोलत नाही.

क्वेबेकचं घ्या. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर जगातला सगळ्यात लांब गाळ्याचा (गाळा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर) कॅन्टिलिव्हर, म्हणजे खांबांवरून पुढे काढलेल्या हातांवर तोललेला, पूल बांधायचं चाललं होतं. सल्लागार थिओडोर कूपर, त्या काळातलं अमेरिकेतलं फार मोठं नाव, ते बसायचे न्यूयॉर्कला आणि तब्येतीमुळे साइटवर येणं बंदच झालेलं. मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशोब वेळेवर नव्याने कोणी केला नाही, आणि चूक लक्षात आली तोवर इतकं स्टील तयार झालं होतं की कूपरनी ठरवलं ७ ते १० टक्के ताण जास्त येतोय, चालेल. १९०७ च्या ऑगस्टमध्ये साइटवरच्या नॉर्मन मॅक्ल्युअर या तरुण इंजिनिअरला दिसलं की सांगाड्याचे दाब घेणारे खालचे मेंबर, म्हणजे तुळया, वाकतायत, एका ठिकाणी आठवड्याभरात पाऊण इंचाचा बाक दोन इंचांवर गेला. आता यात दिसायचं काय बाकी होतं? तरी साइटवर वाद रंगला तो हा बाक आधीपासूनचाच आहे का, वर चढवायच्या आधीच होता का, यावर. काम थांबवायचं ठरलं, मग थांबवलं तर कामगारांचा धीर सुटेल, माणसं सोडून जातील, सीझन हातचा जाईल म्हणून परत सुरू केलं. मॅक्ल्युअर स्वतः न्यूयॉर्कला जाऊन कूपरना भेटला. कूपरनी तार केली की आणखी वजन चढवू नका, पण ती तार गेली पेन्सिल्व्हेनियात पूल बांधणाऱ्या कंपनीच्या ऑफिसला, साइटवर नाही, आणि ऑफिसात ठरलं की सकाळी बघू. त्याच दिवशी, २९ ऑगस्टला, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूल नदीत गेला. ७५ कामगार मेले, त्यातले ३३ काहनावाके या वस्तीतले मोहॉक आदिवासी होते, एका वस्तीतली इतकी कर्ती माणसं एका संध्याकाळी गेली.

या अपघातातून काय शिकलो असं विचारलं की लोक अभिमानाने अंगठीची गोष्ट सांगतात. १९२५ पासून कॅनडातले इंजिनिअर शपथ घेऊन करंगळीत लोखंडी अंगठी घालतात, आपल्या जबाबदारीची आठवण म्हणून. प्रथा चांगली आहे, मला मनापासून आवडते. पण जरा विचार करा, मॅक्ल्युअरकडे सद्सद्विवेक कमी होता का? त्याने बाक मोजला, लिहून कळवला, सीमा ओलांडून दुसऱ्या देशात जाऊन सांगितला. त्याच्याकडे अंगठीची कमी नव्हती, “आत्ताच्या आत्ता सगळे खाली उतरा” म्हणायच्या अधिकाराची होती. इंजिनिअरला नैतिकता शिकवा हा सल्ला आपण सारखा देतो कारण तो देणं स्वस्त आहे, अधिकार द्यायचा म्हटलं की वरच्याचा अधिकार कमी करावा लागतो.

आता “जुने लोक पक्कं बांधायचे” हे एकदा निकालात काढू. आज जे जुने पूल उभे दिसतात ते उरलेले आहेत, पडलेले दिसणारच नाहीत, म्हणून सगळे जुने पक्के वाटतात. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वे पूल १८७८ च्या जूनमध्ये सुरू झाला, त्या काळातल्या सगळ्यात लांब पुलांपैकी एक, बांधणाऱ्या थॉमस बाउचना त्यासाठी ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि १८७९ च्या २८ डिसेंबरला वादळात मधला सगळा उंच भाग गाडीसकट खाली गेला. दीड वर्षाच्या वर जेमतेम काही आठवडे टिकला, गाडीतलं कोणीही वाचलं नाही. वाऱ्याच्या दाबाचा वेगळा विचार डिझाइनमध्ये नव्हता, ओतीव लोखंडाचे खांब सदोष होते. पण मला त्या चौकशीतल्या दोन साध्या माणसांच्या साक्षी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक होता पुलाची देखभाल बघणारा हेन्री नोबल. त्याला खांबांच्या आडव्यातिडव्या पट्ट्या सैल होऊन वाजताना ऐकू यायच्या, त्याने आपल्या बुद्धीने लोखंडाचे तुकडे ठोकून त्या घट्ट केल्या आणि बाउचना कळवलंच नाही, कारण असं काही दिसलं तर कोणाला आणि कसं कळवायचं याची रीतच नव्हती. दुसरा डंडीचा माजी नगरप्रमुख, रोजचा प्रवासी. त्याने घड्याळ लावून गाडीचा वेग मोजला, ठरलेल्या ताशी २५ मैलांपेक्षा गाडी कितीतरी जोरात जाते अशी स्टेशनमास्तरकडे तक्रार केली आणि काही फरक पडेना तेव्हा त्या गाडीचा पास सोडून दिला. म्हणजे एका शहाण्या माणसाने स्वतःपुरता पूल बंद केला! बाकीच्यांसाठी बंद करायची सोय त्याच्याकडे नव्हती आणि स्टेशनमास्तरकडेही नव्हती.

१९७० मध्ये मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलाचं काम चालू असताना हेच. गाळ्याचे दोन अर्धे भाग शेजारी शेजारी जोडायचे तर एक दुसऱ्यापेक्षा ११ सेंटीमीटरच्या वर उंच, म्हणून उंच बाजूवर आठ-आठ टनांचे काँक्रीटचे ठोकळे ठेवून दाबलं, त्याने स्टीलच्या पत्र्याला फुगवटा आला, तो काढायला बोल्ट सोडवायला लागले. चार महिन्यांपूर्वीच वेल्समध्ये मिलफर्ड हेवनला अशाच पद्धतीचा पूल बांधताना पडून चार जण मेले होते, मेलबर्नचे कामगार विचारत होते की आमचा ठीक आहे ना, आणि त्यांना सांगितलं गेलं की ठीक आहे. १५ ऑक्टोबरला साइटवरचा इंजिनिअर फोनवर वरच्याला विचारत होता की माणसं उतरवू का. विचारत होता! ३५ माणसं गेली, त्यात तो स्वतःही गेला, कामगारांच्या जेवायच्या शेडसुद्धा त्याच गाळ्याखाली होत्या. आणि हे जुन्या काळचं म्हणून सोडून द्यायचं असेल तर २०१८ चं फ्लोरिडा घ्या, युनिव्हर्सिटीजवळचा नवाकोरा पादचारी पूल, तडे इतके मोठे की कोणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसावेत, डिझाइन कंपनीच्या इंजिनिअरने दोन दिवस आधी सरकारी खात्याच्या माणसाच्या फोनवर तड्यांबद्दल निरोप ठेवला, तो माणूस बाहेर गेलेला असल्यामुळे निरोप ऐकला गेला पूल पडल्यानंतर, आणि पडला त्याच दिवशी सकाळी मीटिंग होऊन ठरलं की धोका काही नाही. खालचा रस्ता चालूच होता. सहा जण मेले, त्यातले पाच खालच्या गाड्यांमधले. रस्ता बंद करा हे त्या मीटिंगमधलं कोणीही म्हणू शकलं असतं आणि कोणीच म्हटलं नाही, कारण ते आपलं काम आहे असं कोणालाच वाटत नव्हतं.

यावर शिक्षावाले म्हणतील की तुम्ही दोषींना पाठीशी घालताय. त्यांचा मुद्दा मोठा आहे आणि मला तो मान्य आहे, पैसे खाऊन हलका माल वापरणारा माणूस सिस्टिमच्या नावाखाली सुटता कामा नये, आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्यांना “प्रक्रियेतल्या त्रुटी” असला शब्द ऐकवणं हा अपमान आहे. शिक्षा हवीच. पण शिक्षा आधी कोणापर्यंत पोचते ते बघा. मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ ला उघडला आणि ३० तारखेला तुटला, १३५ माणसं गेली. तपासात दिसलं की मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजून तुटलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अटक झाली नऊ जणांना, त्यात मॅनेजर आणि दुरुस्तीचे कॉन्ट्रॅक्टर होते तसे दोन तिकीट क्लार्क आणि तीन सिक्युरिटी गार्डही होते. पूल चालवणाऱ्या कंपनीचे मुख्य संचालक कोर्टात शरण आले ते जानेवारीत. आता मला सांगा, त्या तिकीट क्लार्कने दुपारी खिडकी बंद करून “पूल भरला, आता कोणाला सोडत नाही” म्हटलं असतं तर संध्याकाळी त्याची नोकरी राहिली असती का? पुलावर किती माणसं चालतील हा आकडा तरी त्याला कोणी लिहून दिला होता का? अधिकार न देता जबाबदारी दिली की शेवटी तुरुंगात पहिला तोच जातो, आणि ते बघून पुढच्या पुलावरचा क्लार्क शिकतो ते एवढंच की आपण काही बघितलंच नाही असं म्हणायचं. शिक्षा फक्त पडल्यावर होत असेल तर तडा लपवण्यात सगळ्यांचाच फायदा असतो.

विमानवाहतुकीत हा तिढा अर्धाशतक आधी सोडवायला घेतला. अमेरिकेत १९७६ पासून नासा एक गोपनीय रिपोर्टिंग व्यवस्था चालवते, पायलट, कंट्रोलर, मेकॅनिक कोणीही स्वतःची चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात कळवू शकतं, मुद्दाम केलेलं कृत्य, गुन्हा किंवा प्रत्यक्ष अपघात सोडला तर कळवणाऱ्याला दंडातून बरंचसं संरक्षण मिळतं. ती नासाकडे दिली कारण शिक्षा करणारं खातं आणि ऐकून घेणारं खातं एकच असलं तर कोणी बोलणार नाही हे लोकांनी ओळखलं. पुलांच्या बाबतीत असं काही सगळीकडे असायला काय अडचण आहे?

दुसरा आक्षेप इंजिनिअर मंडळींकडून येतो आणि तो शास्त्राचा आहे. काही अपघात खरोखरच त्या काळच्या ज्ञानाच्या बाहेरचे होते. याचं उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या टॅकोमाचा वाऱ्याने तुटलेला पूल दाखवतात ते नको, सगळ्यात प्रामाणिक उदाहरण वेस्ट व्हर्जिनियातल्या सिल्व्हर ब्रिजचं द्यायला हवं. १९२८ चा पूल, १५ डिसेंबर १९६७ ला ख्रिसमसच्या खरेदीच्या गर्दीत पडला, ४६ मेले. साखळीच्या एका लोखंडी दुव्याच्या भोकाशी जेमतेम अडीच मिलिमीटर खोल तडा होता, आणि तो जोड सोडवल्याशिवाय दिसूच शकत नव्हता. इथे कोणालाच काही दिसलं नव्हतं, माझा युक्तिवाद इथे चालत नाही, मान्य. पण पुढे काय झालं तेही बघा. अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे देशभरचे नियम आले, आणि त्याच नदीवर थोडं वर सेंट मेरीजला त्याच डिझाइनचा दुसरा पूल होता तो लगेच वाहतुकीला बंद केला आणि १९७१ मध्ये उतरवला. त्यातून इंजिनिअरिंगसाठी जो धडा निघतो तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो, जे बघता येत नाही ते बांधूच नका. इटलीतल्या जेनोआच्या मोरांडी पुलाच्या केबल काँक्रीटच्या आत बंद होत्या, दिसायला देखणं, पण आतली तार गंजली की बाहेरून कळणार कसं? पुलाचं डिझाइन करणाऱ्या खुद्द रिकार्दो मोरांडींनी १९७९ मध्येच गंजाबद्दल लिहून ठेवलं होतं, ११ नंबरच्या मनोऱ्याच्या केबल १९९० च्या दशकात मजबूत केल्या, ९ नंबरच्या तशाच राहिल्या आणि १४ ऑगस्ट २०१८ ला तोच पडला, ४३ माणसं घेऊन. म्हणजे एकाच पुलाच्या एका मनोऱ्याला आजार आहे हे कळल्यावर दुसऱ्याला तो नसेल असं पंचवीस वर्षं धरून चालले! पूल देखणा असावा, स्वस्त असावा, पण त्याचा प्रत्येक महत्त्वाचा जोड माणसाला जाऊन बघता येईल असा असावा, आणि एक तुकडा तुटला तर बाकीच्यांनी काही काळ भार उचलून माणसांना पळायला वेळ द्यावा. एकच दुवा तुटून सगळं खाली जातं असं डिझाइन असेल तर बंद करायचा अधिकार असूनही उपयोग नाही.

आणि टॅकोमाचंच उदाहरण द्यायचं असेल तर ते नीट द्या. १९४० मधला तो पूल वाऱ्याने पिळवटून तुटतानाची फिल्म सगळ्यांनी बघितलीय, वाऱ्याचं हे रूप तेव्हा खरंच कोणाला नीट कळलेलं नव्हतं. तरी पूल बांधत असल्यापासून हलत होता, युनिव्हर्सिटीत त्याच्या मॉडेलवर अभ्यास चालू होता, आणि मुख्य म्हणजे ७ नोव्हेंबरला सकाळी दहाच्या सुमारास वाहतूक बंद करण्यात आली, पूल पडला अकराच्या सुमारास. मेला एक कुत्रा, गाडीत अडकलेला. शास्त्र नापास झालं त्या दिवशी माणसं वाचली, कारण रस्ता अडवणारं कोणीतरी जागेवर होतं. २०२४ मध्ये बाल्टिमोरला तसंच. रात्री पुलाकडे येणाऱ्या जहाजाची वीज गेली, जहाजावरून इशारा आला आणि दीड-दोन मिनिटांत पोलिसांनी दोन्हीकडची वाहतूक थांबवली, कोणाची परवानगी मागत बसले नाहीत. मग जहाज खांबाला धडकून पूल पडला. पुलावर खड्डे बुजवणाऱ्या कामगारांपर्यंत मात्र निरोप पोचला नाही आणि त्यातले सहा गेले. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी गाड्यांना थांबवायची व्यवस्था होती, पुलावर राबणाऱ्यांना सांगायची नव्हती, हे मला फार लागलं. (जहाज खांबाला धडकू शकतं हे नवीन नव्हतं, १९८० मध्ये फ्लोरिडात सनशाइन स्कायवेला तसंच होऊन ३५ मेले होते. तिथल्या नव्या पुलाच्या खांबांभोवती संरक्षण बांधलं. बाल्टिमोरचा पूल १९७७ चा, तो जुना म्हणून तसाच राहिला.)

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे. कोणालाही पूल बंद करता आला तर रोज कुठला ना कुठला पूल बंद असेल, अॅम्ब्युलन्स लांबून जाईल, मुलांची शाळा बुडेल, पलीकडच्या माणसांची मजुरी जाईल, आणि दहा वेळा खोटा इशारा झाला की अकराव्यांदा कोणी ऐकणार नाही. हे खरं आहे. लंडनचा हॅमरस्मिथ पूल तड्यांमुळे २०१९ च्या एप्रिलपासून गाड्यांना बंद आहे, मध्ये जवळजवळ वर्षभर पायी जाणाऱ्यांनाही बंद होता, आजूबाजूच्या लोकांनी सोसलं ते खरंच सोसलं. पण पर्याय दोनच आहेत असं का धरायचं? एक लेन कमी करता येते, जड गाड्या थांबवता येतात, गर्दी मोजून सोडता येते, दोन दिवस पूर्ण बंद ठेवून बघता येतं. लंडनचाच मिलेनियम पूल २००० मध्ये उघडल्या दिवशी चालणाऱ्यांच्या पावलांनी आडवा हलायला लागला, दोन दिवसांत बंद केला, लोक हसले, हेलकावे जिरवणारे डॅम्पर बसवून उघडायला २००२ उजाडलं. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही, आणि इंजिनिअर्सनी काय चुकलं ते मोजमापांसकट जगासमोर मांडलं, त्यातून पुढच्या पादचारी पुलांचं डिझाइन सुधारलं. आणि मेम्फिस बघा, मिसिसिपीवरचा हमरस्त्याचा पूल, मे २०२१. तपासणीला चढलेल्या माणसाला मुख्य गर्डर जवळजवळ आरपार तडकलेला दिसला. त्याने अहवाल लिहून वर पाठवला नाही, सरळ ९११ ला, म्हणजे पोलीस-अॅम्ब्युलन्सच्या नंबरला फोन केला की पुलावरची वाहतूक आत्ता थांबवा. थांबली. दुरुस्त होऊन पूल पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला, देशाच्या एका मोठ्या रस्त्याची वाहतूक तोवर वळवलेली होती. नंतर कळलं की २०१९ च्या ड्रोन व्हिडिओतही तो तडा दिसत होता आणि आधीच्या तपासनीसाच्या तो नजरेतून सुटला होता. एकाच पुलावर दोन माणसं चढली, एकाने बघितलं नाही आणि दुसऱ्याने बघून फोन केला, पण दुसऱ्याचा फोन लागू शकला हे महत्त्वाचं, पलीकडून कोणी “तुमचा हुद्दा काय” असं विचारलं नाही.

म्हणून पूल पडल्यावर पत्रकारांनी, आमदार-खासदारांनी आणि आपण सगळ्यांनी कॉन्ट्रॅक्टरच्या नावाच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटची तपासणी कधी झाली आणि तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळत होता का. तपासणाऱ्याला जागेवरून पूल बंद करता येत होता का, की त्याने फक्त शिफारस करायची होती. आणि याआधी कोणी तो बंद करा म्हणालं होतं का, म्हणालं असेल तर त्याचं पुढे काय झालं. यातलं तिसरं उत्तर मिळवणं सगळ्यात अवघड आहे कारण ते कागद कोणी देत नाही. आणि पैशाचं काय हा प्रश्न उरतोच, हॅमरस्मिथची खरी रडकथा तड्याची नाहीच, दुरुस्तीचा खर्च कौन्सिलने करायचा की सरकारने यावर वर्षानुवर्षं चाललेल्या वादाची आहे. बंद केलेल्या पुलाची दुरुस्ती कोण आणि किती दिवसांत करणार, तोवर पलीकडच्या लोकांची सोय काय, होडी की बस, आणि तिचा खर्च कुठून, हे पूल मंजूर होतानाच लिहून ठेवलं नाही तर जागेवरचा माणूस फोन उचलताना दहादा विचार करेल, आणि त्याला तो करायला आपणच लावलेला असेल.